आडनावांची कुळकथा

अकोला शहरात जठारपेठ नावाची एक गजबजलेली वस्ती आहे. पेठ म्हणजे काय, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्या नावातील ‘जठार’ हा शब्द कोणत्या झाडाचा, नदीचा किंवा देवाचा नाही. ते एक आडनाव आहे. पेठेत राहणारी माणसे ते रोज पत्त्यात लिहितात, वाटसरू ते रिक्षावाल्यास सांगतात, आणि आपण एका आडनावाचा उच्चार करीत आहोत, याचे भानही कोणास राहत नाही. गावावरून माणसास आडनाव मिळाले, असे आपण पुष्कळदा ऐकतो. येथे आडनावावरून वस्तीस नाव मिळाले आहे.

वऱ्हाडातील कोणत्याही शाळेत सकाळी हजेरी सुरू झाली, म्हणजे आडनावांची एक मिरवणूकच कानांवरून जाते. इंगळे, काळे, गावंडे, तायडे, देशमुख, देशपांडे, पाटील, बोंडे, राऊत, वानखडे! हाक ऐकताच मुले ‘हजर’ म्हणतात. पण हे आपल्या नावामागून येणारे नाव आले कोठून, असा प्रश्न त्यांतील फारच थोड्यांच्या मनात येत असेल. आडनाव हे घराच्या भिंतीसारखे वाटते. आजोबांच्या वेळी ते होते, पणजोबांच्या वेळीही असणार, मग ते प्रथमपासूनच असले पाहिजे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः एखादे घराणे जितके जुने असते, तितके त्याचे आडनाव क्वचितच जुने असते. आडनाव मागाहून येते. कधी ते बदलते. कधी एकावर दुसरे चढते आणि पहिले नाहीसे होते.

‘आडनाव’ हा शब्दच त्याची साक्ष देतो. मुख्य नावाच्या आडचे, म्हणजे त्याच्या जोडीला आलेले दुसरे नाव, ते आडनाव. शेजारच्या कन्नड भाषेतही याच घडणीचा ‘अड्डहेसरु’ असा शब्द आहे. हे दुसरे नाव का लागावे, हे समजण्यासाठी एका लहानशा खेड्याची कल्पना करावी. खेड्यात गणपत नावाचा एकच मनुष्य असेल, तोपर्यंत ‘गणपत’ एवढे म्हटले की काम भागते. परंतु गावात तीन गणपत झाले की घोटाळा सुरू होतो. मग लोक एकास नदीकाठचा गणपत म्हणू लागतात, दुसऱ्यास काळा गणपत म्हणतात, आणि तिसरा परगावाहून येऊन राहिला असेल, तर त्यास त्याच्या गावाच्या नावाने ओळखतात. ही ओळख त्या एका माणसापुरती राहिली, तर ते टोपणनाव. त्याच्या मुलांना आणि नातवांनाही लोक त्याच नावाने ओळखू लागले, म्हणजे त्याचे आडनाव होते.

जुन्या कागदपत्रांत तर पुष्कळ वेळा आडनावाचा पत्ताच नसतो. तेथे माणसाची ओळख बापाच्या नावाने दिलेली असते. पश्चिम महाराष्ट्रातील कागदांत ‘अमुक बिन तमुक’ असे लिहिलेले आढळते, तर वऱ्हाडाकडे ‘अमुक वल्द तमुक’ असे. ‘बिन’ आणि ‘वल्द’ या दोन्ही शब्दांचा अर्थ ‘मुलगा’ असाच आहे; ते अरबीतून फारसी दफ्तरांच्या वाटेने मराठीत आले. १८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. त्यानंतर जमिनीची मोजणी, शिरगणती, शाळा आणि कचेऱ्या यांची वाढ होत गेली. प्रत्येक ठिकाणी नोंद हवी, आणि नोंदीत एकाचा दुसरा होऊ नये म्हणून आडनाव हवे. जे नाव तोवर लोकांच्या तोंडी सैलपणे वावरत होते, ते कारकुनाच्या लेखणीने कागदावर पक्के झाले.

मराठी आडनावांतील सर्वांत ओळखीचा प्रत्यय म्हणजे ‘कर’. गावाच्या नावास तो लागला, की त्या गावचा रहिवासी असा अर्थ होतो. अकोटचा अकोटकर, बाळापूरचा बाळापूरकर, दर्यापूरचा दर्यापूरकर. येथे एक मौज लक्षात घेण्यासारखी आहे. अकोटमध्येच पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसास अकोटकर हे आडनाव मिळण्याचे कारण नसते. कारण तेथे सगळेच अकोटचे. गाव सोडून मनुष्य दुसरीकडे गेला, तेथे त्यास ‘कोठला?’ असे विचारले गेले, आणि मग ते नाव त्यास चिकटले. म्हणून ‘कर’ने संपणाऱ्या आडनावात बहुधा एक प्रवास लपलेला असतो. इंदूरचे राज्य स्थापन करणारे होळकर हे मूळचे पुणे प्रांतातील होळ या गावचे. प्रसिद्ध गायक नट दीनानाथ मंगेशकर यांनी आपले आडनाव गोव्यातील मंगेशी या गावावरून घेतले, आणि त्यांच्या मुलांनी ते जगभर नेले.

तथापि, ‘कर’ दिसला की गाव शोधावयास निघावे, असेही नाही. मेळघाटच्या डोंगरांत राहणाऱ्या कोरकू लोकांत कासदेकर, जांभेकर अशी आडनावे आहेत. ती ऐकून एखाद्यास वाटेल की, हे लोक कासदे किंवा जांभे नावाच्या गावांहून आले असावेत. पण कोरकूंच्या कुळांची नावे झाडे, नद्या अशा गोष्टींवरून पडलेली आहेत. त्यांतील ‘जांबू’ हे कुळ जांभळाच्या झाडाचे नाव सांगते. अशा कुळनावांस पुढे मराठीच्या शेजाराने ‘कर’ हा प्रत्यय जोडला गेला असावा. विदर्भाच्या पूर्वेकडे गेले तर ‘कर’ऐवजी ‘वार’ ऐकू येतो. तेलुगू भाषेत आदराने ‘वारु’ असे म्हणतात. त्याचेच हे रूप. १९६२ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले मारोतराव कन्नमवार हे चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे. दोन भाषांच्या सीमेवर आडनावेही दोन्ही भाषा बोलतात!

वऱ्हाडात गावांवरून पडलेल्या आडनावांइतकाच मान हुद्द्यांवरून आलेल्या आडनावांस आहे. पूर्वी पुष्कळ गावे मिळून एक परगणा होत असे. परगण्याचा वसूल गोळा करून सरकारात भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर असे, तो देशमुख. आणि त्या वसुलाचा हिशेब लिहून ठेवणारा, तो देशपांडे. एकेका गावापुरते हेच काम अनुक्रमे पाटील आणि कुलकर्णी पाहत. या कामांबद्दल त्यांस जमीन व हक्क मिळत आणि ते बापाकडून मुलाकडे जात. त्यास वतन म्हणत. वतन मिळाले की घराण्याचे जुने आडनाव मागे पडे आणि हुद्दाच आडनाव होऊन बसे. याचे उत्तम उदाहरण वऱ्हाडातच आहे. स्वतंत्र भारताचे पहिल्या फळीतील कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म १८९८ साली अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम होते. देशमुखीचे वतन आले आणि कदमांचे देशमुख झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्या पाटीवरील ‘देशमुख’ या शब्दामागे एक ‘कदम’ उभा आहे, हे किती जणांस ठाऊक असते?

पुण्याच्या इतिहासातही असेच घडले. नाना फडणवीस हे आडनावाने भानू. फडाचा हिशेब पाहणारा तो फडणीस, म्हणून जगाने त्यांस फडणवीस म्हटले. पेशवे हे श्रीवर्धनचे भट. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ भट यांस पेशवेपद मिळाले आणि ते पद हेच त्या घराण्याचे नाव झाले. हुद्द्यास धर्म नसतो, म्हणून हुद्द्यावरून आलेल्या आडनावासही तो नसतो. वऱ्हाडात देशमुख हे आडनाव जसे हिंदूंच्या घरी आढळते, तसे मुसलमानांच्याही घरी आढळते. कामे गेली, वतने गेली. आडनावे तेवढी राहिली. आज देशपांडे आडनावाची मुलगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करीत असेल आणि कुलकर्णी आडनावाचा मुलगा बस चालवीत असेल.

हुद्द्याप्रमाणे धंदाही आडनाव देतो. जोशी, वैद्य, पोतदार, सुतार, लोहार ही नावे आपला अर्थ आपणच सांगतात. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे आडनाव आधी गोऱ्हे असे होते आणि ते घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुढे ते पुण्यास आले. तेथे पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याचे काम त्यांच्याकडे होते, म्हणून लोक त्यांस फुले म्हणू लागले. गोऱ्हे हे नाव पुसले गेले. पुढे जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढल्या, आणि फुलमाळांच्या व्यवसायावरून पडलेले ते साधे आडनाव शिक्षणाच्या इतिहासात कायमचे लिहिले गेले.

ही रीत केवळ महाराष्ट्राची आहे असे नाही. आपल्यापासून हजारो कोस दूर असलेल्या इंग्लंडातही आडनावे याच वाटांनी आली. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर प्रथम मोठ्या जमीनदारांत आणि मग हळूहळू सामान्य लोकांत आडनावांचा प्रघात पडला. इंग्लंडात सर्वांहून अधिक आढळणारे आडनाव स्मिथ. त्याचा अर्थ लोहार. टेलर म्हणजे शिंपी, पॉटर म्हणजे कुंभार आणि जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. आपल्या ‘वल्द’चाच तो भाऊ म्हणावा.

अशा एका इंग्रजी आडनावाची गोष्ट तर थेट वऱ्हाडाच्या मातीपर्यंत येऊन पोहोचते. अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याच्या बाजूस अडगाव नावाचे गाव आहे. तेथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलेस्ली याची नागपूरकर भोसल्यांच्या व शिंद्यांच्या फौजेशी लढाई झाली. भोसल्यांचा पराभव झाला, आणि १५ डिसेंबर रोजी सातपुड्यातील बळकट गाविलगड किल्लाही इंग्रजांनी घेतला. इतिहासाच्या पुस्तकांत या सेनापतीचे वेलेस्ली हे आडनाव मोठ्या दिमाखाने येते. पण अडगावच्या रणात त्याच्या अंगावर ते अवघे पाच वर्षांचे होते. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात वेल्स नावाच्या गावाजवळ वेलेस्ली नावाचे एक ठिकाण होते. तेथल्या घराण्यास त्या ठिकाणाचे नाव पडले; म्हणजे आपल्याकडील ‘कर’चाच प्रकार. हे घराणे पुढे आयर्लंडात गेले आणि बोलता बोलता वेलेस्लीचे ‘वेस्ली’ झाले. १७२८ साली त्या घराण्यातील एका निपुत्रिक जमीनदाराची मालमत्ता त्याचा नातलग रिचर्ड कॉली याच्याकडे आली. कॉलीने ती घेताना आपले आडनाव टाकले आणि वेस्ली हे आडनाव लावले. आर्थर हा त्याचा नातू. १७६९ साली तो जन्मला, तेव्हा आर्थर वेस्ली होता. त्याच्या थोरल्या भावास जुने, लांबलचक रूप अधिक भारदस्त वाटले असावे. त्याच्यामागून १७९८ साली आर्थरही वेलेस्ली अशी सही करू लागला. आजोबा कॉली, बाप वेस्ली आणि मुलगा वेलेस्ली, अशी ही तीन पिढ्यांची कथा! आणि ती येथेही संपत नाही. १८१४ साली त्यास ड्यूक ऑफ वेलिंग्टन हा किताब मिळाला. पुढच्या वर्षी वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनचा पराभव केला, तो या नव्या नावाने. वेलिंग्टन हेही सॉमरसेटमधील एक गावच आहे. न्यूझीलंडच्या राजधानीस आज त्याचेच नाव आहे.

आडनावाचा अर्थ लावताना मात्र फार सावध असावे लागते. वाघ, कोल्हे, लांडगे, कावळे ही आडनावे ऐकून मुलांस हसू येते, आणि एखाद्या गरीब मुलास वर्षभर चिडविण्यास ते निमित्त पुरते. परंतु दिसणारा अर्थ हाच खरा अर्थ असतो, असे नाही. ‘जठर’ म्हणजे पोट. एवढ्यावरून जठार आडनावाच्या पूर्वजांचे पोट मोठे होते, असे कोणी सांगू लागला, तर ती विनोदाची गोष्ट होईल, अभ्यासाची नव्हे. वऱ्हाडात बुलढाणा जिल्ह्यात वानखेड नावाचे गाव आहे. वानखडे हे आडनाव तेथूनच निघाले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण दोन शब्द सारखे दिसतात, एवढा पुरावा पुरेसा नसतो. त्या घराण्यांचे जुने कागद, त्यांचे देव, त्यांच्या मूळ गावाच्या आठवणी हे सर्व पाहावे लागते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दफ्तरे मिळविली आणि गावांच्या व माणसांच्या नावांची कुळे शोधण्यासाठी पुष्कळ श्रम घेतले. त्यांनी सुचविलेल्या सर्वच उपपत्ती पुढील विद्वानांस पटल्या नाहीत. इतक्या मोठ्या अभ्यासकाचे असे, तर पारावर बसून सांगितलेल्या कथांचे काय?

लेखणीमुळेही आडनावांची रूपे बदलतात. अमरावतीकडे ज्यास वानखडे लिहितात, तेच दुसरीकडे वानखेडे असे लिहिले जाते. एका मात्रेचा फरक. पण दाखल्यावर एक आणि सातबाऱ्यावर दुसरे असले, की तीच मात्रा शेतकऱ्यास तहसिलीच्या खेपा घालावयास लावते. मुंबईचे प्रसिद्ध क्रिकेटचे मैदान याच नावाचे आहे. विदर्भातून पुढे आलेले राजकारणी आणि क्रिकेटचे संघटक शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. विदर्भातील घरगुती आडनाव त्या मैदानामुळे साऱ्या जगाच्या तोंडी झाले.

आडनाव टाकून मोठी झालेली माणसेही आहेत. अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे १८७६ साली डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. बाप लहानपणीच गेला, म्हणून डेबूजी मामाच्या घरी, मूर्तिजापूरकडील दापुरे या गावी वाढले. तेथे त्यांनी गुरे राखली, शेतात राबणूक केली. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि जेवण्यासाठी व पाणी पिण्यासाठी मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार होता. जेथे जात, तेथे प्रथम गाव झाडीत आणि मग कीर्तनास उभे राहत. नाव विचारले तर ते सांगत नसत. तेव्हा लोकांनीच त्यांस नावे दिली. कोणी गोधडेबुवा म्हणाले, कोणी चिंधेबुवा. अखेरीस गाडगेबाबा हे नाव सर्वत्र झाले. जानोरकर हे आडनाव वाडवडिलांकडून आले होते. गाडगे त्यांनी स्वतः हाती धरले होते. १९५६ साली अमरावतीजवळ त्यांचे देहावसान झाले. आज अमरावतीच्या विद्यापीठास संत गाडगेबाबांचे नाव आहे. विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रावर जे नाव छापले जाते, ते मातीच्या एका भांड्यावरून आलेले आहे.

आडनावाची एक बाजू मात्र दुःखाची आहे. आपल्या देशात पुष्कळ आडनावांवरून जात ओळखता येते, आणि जात ओळखून माणसास जवळ घ्यावयाचे की दूर बसवावयाचे, हे ठरविण्याची वाईट खोड समाजास दीर्घकाळ जडलेली होती. ती आजही पुरती गेलेली नाही. ‘तुझे आडनाव काय?’ हा साधा प्रश्न एखाद्या मुलास भीतीचा वाटावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. त्यांचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. त्यावरून त्यांचे वडील रामजी यांनी आंबडवेकर हे आडनाव घेतले. गावावरून घेतलेले आडनाव माणसाचे गाव सांगते. त्याची जात सांगत नाही. पुढे सातारच्या शाळेत आंबेडकर नावाचे एक शिक्षक होते. त्यांचा या हुशार मुलावर लोभ जडला आणि त्यांनी आपले आडनाव त्यास दिले, असे सांगितले जाते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेत त्या मुलाचे नाव दाखल झाले; ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी त्याची नोंद आहे. त्याच शाळेच्या दिवसांत त्या मुलास वर्गात इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या तरटावर बसावे लागे. हजेरीपटावर त्याचे नाव इतरांच्याच ओळीत होते. वर्गात तो त्यांच्या ओळीत नव्हता.

पुढे त्याच नावाच्या माणसाच्या अध्यक्षतेखाली भारताच्या संविधानाचा मसुदा तयार झाला. महाराष्ट्र शासन ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ सालापासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळते.

हजेरीपटावर अलीकडे आणखी एक बदल होऊ लागला आहे. पूर्वी मुलाचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम असे. आईचे नाव त्या ओळीत कोठेच नसे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ठरविले की, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावाची नोंद शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव अशा क्रमाने व्हावी. या नियमानुसार नोंदलेली पहिली मुले आता लवकरच जठारपेठेतल्या, अकोटातल्या, मेळघाटातल्या शाळांच्या पायऱ्या चढतील, आणि त्यांच्या नावांसाठी हजेरीपटावर थोडी अधिक जागा सोडावी लागेल.